वेगवान दुचाकी आणि सुखासन

आपल्या घरांतून मुलगा वयात आला म्हणजे पूर्वी सायकलीचा हट्ट धरी. आज तो मोटारसायकलीचा धरतो, आणि तीही साधी नव्हे, तर जिला बाजारात ‘स्पोर्ट बाईक’ म्हणतात त्या पुढे झुकून बसावयाच्या वेगवान गाडीचा. बुलढाण्यासारख्या आडवळणाच्या म्हणून गणल्या गेलेल्या जिल्ह्यातही चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील रस्त्यांवर अशा गाड्या आता नित्य दृष्टीस पडतात. पुण्यास नोकरीस अथवा शिक्षणास असलेला तरुण दिवाळीस घरी येतो तो अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा, चिखली अशा मार्गाने सुमारे चारशे किलोमीटरांचे अंतर याच गाडीवर तोडून येतो. वडीलमंडळी दाराकडे डोळे लावून बसलेली असतात. अंगणात गाडीचा आवाज आला की आईच्या जिवात जीव येतो. परंतु उतरलेल्या चिरंजीवांची मान अवघडलेली असते, मनगटे ठणकत असतात, बोटे बधिर झालेली असतात, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘प्रवास म्हटला की एवढे व्हावयाचेच’ असे म्हणून तो विषय तेथेच मिटतो.

आमच्या मते तो तेथे मिटता कामा नये. केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक, दुचाकीवरील होती. यांतील किती जण थकव्याने गेले हे कोणत्याही कोष्टकावरून कळणार नाही. तथापि ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, हे साधे त्रैराशिक आहे. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक एक सेकंद उशिरा दाबला, तर तेवढ्या अंतरात एक बैलगाडी, एक म्हैस अथवा रस्ता ओलांडणारे एक मूल सहज येऊ शकते. म्हणून स्वाराच्या देहाचे सौख्य ही चैन नव्हे; ते सुरक्षिततेचेच एक अंग आहे.

हे आसन आले कोठून?

पतंजलीने योगसूत्रांत आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. आपल्या जुन्या स्कूटरवर किंवा साध्या मोटारसायकलीवर या दोन्ही गोष्टी थोड्याबहुत साधत. आम्ही स्वतः उमेदीच्या काळात स्कूटरवरून कित्येक वेळा राजूर घाट उतरून मलकापुरास गेलो आहोत. खुर्चीवर बसावे तसे त्या वाहनावर ताठ बसता येई. स्पोर्ट बाईकचे आसन मात्र निराळ्या हेतूने निर्माण झाले. आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ सालापासून मोटारसायकलींच्या शर्यती भरत आहेत. अशा शर्यतींत वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून स्वार टाकीवर पालथा झुकतो. हँडल खाली आणि पाय ठेवावयाचे फुटरेस्ट मागे व उंच असतात. हाच घाट पुढे सामान्यांच्या गाडीत उतरला. आपल्याकडे २००१ साली पुण्याच्या बजाज कंपनीने पल्सर बाजारात आणली आणि तरुणांची अभिरुची पालटली. २००८ साली यामाहाची आर-१५ आली आणि शर्यतीच्या घाटाची गाडी मध्यम घरांच्या आवाक्यात येऊन बसली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे, कारण साऱ्या दुखण्याचे मूळ तिच्यात आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. शर्यतीच्या अफाट वेगात हा रेटा स्वाराच्या छातीला खालून उशी दिल्यासारखा उचलून धरतो, त्यामुळे पुढे झुकूनही त्याच्या मनगटांवर फारसा भार येत नाही. परंतु आपल्या रस्त्यांवर खड्डे, गुरे, वळणे आणि कायद्याची मर्यादा सांभाळून ताशी साठसत्तरच्या वेगाने जाणाऱ्या गृहस्थाला ती वाऱ्याची उशी मिळत नाही. मग धडाचा भार पेलावा कोणी? तो बिचाऱ्या मनगटांवर येतो. ज्या आसनाला वेगानेच सुख यावयाचे, ते आपण वेगाविना वापरतो. आणि सुखासाठी वेग वाढवावा तर प्राणाशी गाठ. या पेचातून सुटण्याचा मार्ग वेगात नाही, बसण्याच्या पद्धतीत आहे.

मनगट, कंबर आणि मान

पहिला नियम असा की भार हातांनी नव्हे, मांड्यांनी आणि पोटाच्या स्नायूंनी पेलावा. घोडेस्वार जसा मांडीने घोडा आवळून धरतो, तशी दोन्ही गुडघ्यांनी टाकी हलकेच आवळून धरावी. तळपायाचा पुढचा, बोटांमागील भाग फुटरेस्टवर टेकवावा. असे केले की पाठ आपोआप सावरते आणि हात मोकळे होतात. कोपरे ताठ ठेवू नयेत, किंचित वाकवावीत. ताठ हातांतून रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट खांद्यापर्यंत जातो. हँडलवरील मूठ पक्ष्याचे पिलू धरावे इतकी सैल असावी. अधूनमधून सरळ व मोकळ्या रस्त्यावर दोन्ही हातांची बोटे पियानोवर फिरवावी तशी हँडलवरच हलवून पाहावीत. ती सहज हलली नाहीत, तर भार पुन्हा मनगटांवर आला आहे असे समजावे.

दुसरा नियम वाकण्याचा. बहुतेक तरुण कमरेच्या मणक्यांत पोक काढून पुढे वाकतात. वाकणे व्हावे ते खुब्याच्या सांध्यातून, पाठीचा कणा लांब ठेवून. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार केला, त्यांत पुढे वाकण्याची जी स्थिती आहे ती ज्याने नीट घटवली, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. सूर्यनमस्काराने पोटाचे, पाठीचे आणि खांद्यांचे जे स्नायू बळकट होतात, नेमके तेच या आसनात उपयोगी पडतात. लांबच्या प्रवासाची तयारी गाडी धुण्यापासून नव्हे, दोन महिने आधी पहाटे बारा नमस्कार घालण्यापासून सुरू होते.

तिसरा नियम मानेचा. धड पुढे झुकलेले आणि दृष्टी समोर दूर, म्हणून मान मागे वाकवून धरावी लागते. तीत दीडएक किलोचे हेल्मेट. दोन तासांनी मानेच्या मुळाशी गोळा येतो तो यामुळे. हनुवटी किंचित आत घेऊन, मानेऐवजी डोळे वर करून पाहण्याचा अभ्यास करावा. पाठीवर जड पिशवी अडकवून प्रवास करणे हा तर स्वतःहून मागून घेतलेला त्रास होय. तिचे सारे वजन खांद्यांवरून पुन्हा मनगटांतच उतरते. सामान मागच्या सीटवर आडवे ठेवून पट्ट्यांनी घट्ट बांधावे, आणि कोणतेही टोक चाकाकडे लोंबत नाही हे दोनदा पाहावे.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून निघून जेमतेम दोनदा थांबत बुलढाण्यास आला आणि त्याच संध्याकाळी सासुरवाडीस म्हणून मलकापूरकडे निघाला. राजूर घाटाच्या उतारावर समोर ट्रक आला, तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका ब्रेकवर आहेत की नाहीत हेच त्याला कळेना. गाडी कडेच्या मातीत उतरली आणि दैव बलवत्तर म्हणून खरचटण्यावर निभावले. हे बधिरपण का येते? तळहाताच्या करंगळीकडील पायथ्याशी एक मज्जातंतू अगदी वरून जातो. हँडलचा दाब आणि एंजिनाची थरथर त्यावर तासन् तास पडली की या दोन बोटांची जाणीव मंदावते. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना मुंग्या येत असतील, तर मनगटाच्या मध्यभागातून जाणारा दुसरा तंतू दाबला गेला आहे असे समजावे. उपाय एकच: मनगट वाकू न देणे. गाडीवर बसून हात हँडलवर ठेवले असता कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा यावी, अशा बेताने क्लचची आणि ब्रेकची दांडी खाली अथवा वर फिरवून घ्यावी. कोणताही मेकॅनिक हे काम पाच मिनिटांत करून देतो; परंतु सांगितल्याखेरीज करीत नाही. प्रवास संपल्यावरही बधिरता दोनचार दिवस राहिली, तर घरगुती तेल चोळीत न बसता डॉक्टरांस दाखवावे.

सीट, कपडे आणि कान

स्पोर्ट बाईकची सीट अरुंद, कठीण आणि पुढे उतरती असते. बसणाऱ्याचा भार वस्तुतः ढुंगणाच्या दोन हाडांवर यावा. उतरत्या सीटवरून तो घसरत टाकीकडे येतो आणि नको तेथे दाब पडतो. दर पंधरावीस मिनिटांनी जाणीवपूर्वक मागे सरकून बसावे. ट्रकवाले आणि टॅक्सीवाले पाठीमागे लाकडी मण्यांचे जाळे लावतात, ते हसण्यावारी नेऊ नये. मण्यांमधून हवा खेळते, घाम साचत नाही. तसे लहान जाळे सीटवर पक्के बांधता येते. आतील कपड्यांची जाड शिवण हेही अनेकांच्या त्रासाचे गुप्त कारण असते. सायकलपटू वापरतात तशी शिवण नसलेली विजार आत घालावी. मूळव्याधीची व्यथा असलेल्यांनी या आसनाच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

कानांचा विचार तर आपल्याकडे कोणीच करीत नाही. हेल्मेटच्या आत घोंगावणाऱ्या वाऱ्याचा आवाज महामार्गाच्या वेगाला नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. कारखान्यांतून आठ तास काम करणाऱ्यांसाठी पंचाऐंशी डेसिबलच्या वर कानांस धोका मानतात. दिवसभराच्या प्रवासानंतर डोक्यात जो गुंजारव राहतो आणि चिडचिड होते, तिचे कारण बहुधा हाच आवाज असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ बोळे कानात घातले म्हणजे वाऱ्याची घोंघाट कमी होते. कर्णा तरीही ऐकू येतो. हेल्मेट मात्र आय.एस.आय. चिन्हाचे, पूर्ण तोंड झाकणारे आणि गळ्याशी पट्टा बांधलेले हवे. वर सांगितलेल्या २०२२ सालच्याच अहवालात हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ माणसे गेल्याची नोंद आहे. ती वाचल्यावर केसांचा भांग विसकटण्याची तक्रार कोणी करू नये.

ऊन, पाऊस आणि आपला मुलूख

बुलढाणा शहर घाटावर वसलेले, म्हणून तेथे उन्हाळा सुसह्य. परंतु घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यात शिरावे तो भट्टीचे दार उघडल्याचा भास होतो. अशा वेळी अंगरख्याची बटणे उघडी टाकून वारा घेण्याचा मोह होतो, आणि तोच घात करतो. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे पस्तीस अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंग निववितो. ती चाळीसपंचेचाळीस अंशांवर गेली की तोच वारा अंगात उष्णता कोंबतो आणि घाम कळण्याच्या आधीच उडवून नेतो. म्हणून उन्हाळ्यात अंग पूर्ण झाकावे, आत सुती बनियन पाण्यात भिजवून पिळून घालावे, वर जॅकेट घालावे आणि दर मुक्कामी बनियन पुन्हा भिजवावे. पाणी तहान लागण्यापूर्वी, थोडे थोडे आणि वारंवार प्यावे. त्याच्या जोडीला मीठसाखर घातलेले लिंबाचे सरबत, पन्हे किंवा ताक असावे. सर्वांत उत्तम म्हणजे पहाटे निघून अकराच्या आत पल्ला गाठणे आणि चारपर्यंत सावलीत पडणे. २०१९ साली टिपेश्वरच्या अरण्यातून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. तोही रात्री चाले आणि दिवसा विसावा घेई. रात्री चालणे हे वाघाने करावे. विसावा मात्र त्याच्यापासून शिकण्यासारखा आहे.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीची भीती धरावी. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली ती माती पहिल्या सरीसरशी डांबरावर साबणासारखी होते. सुगीच्या दिवसांत कोठे कोठे सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेला असतो. तोही टायरखाली गोट्यांसारखा घरंगळतो. बिनरंगाचे गतिरोधक सर्वत्र आहेतच. असे अडथळे दिसताच फुटरेस्टवर भार देऊन सीटवरून बोटभर उठावे. पायांचे सांधे हे देवाने दिलेले शॉकअप आहेत, आणि पाठीचा हिसका तेच झेलतात. टायरांतील हवा गाडी थंड असतानाच कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरावी. अधिक हवेने गाडी उडते, कमी हवेने ती ओढते. चेनला सुमारे पाचशे किलोमीटरांगणिक तेल द्यावे.

समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांतून गेला आणि २०२५ साली मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. ‘थोडेसेच जाऊ’ म्हणून त्यावर शिरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय मैलोगणती सावली नाही, टपरी नाही, आणि शेजारून मोटारी ताशी सव्वाशेच्या घरात जातात.

थांबण्याची कला

अमेरिकेत लांबच्या पल्ल्याच्या स्वारांची ‘आयर्न बट’ नावाची संस्था आहे. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर, जाणाऱ्यांची ती नोंद ठेवते. अशा संस्थेने वेगाचा पुरस्कार केला असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिचा उपदेश अतिवेग विसरा आणि कोठे थांबावे ते ओळखा असाच आहे. आपल्या गृहस्थांनी त्या विक्रमाच्या नादी लागू नये. उपदेश तेवढा घ्यावा. तासाभराने अथवा ऐंशी किलोमीटरांनी दहा मिनिटे उतरावे, हेल्मेट काढावे, चालावे, हात मागे नेऊन छाती उघडावी, मान सावकाश दोन्ही बाजूंस वळवावी. शेगावची कचोरी प्रसिद्ध आहे आणि रुचकरही आहे. पण ती परतल्यावर, घरी आणून खावी. भरल्या पोटी दुपारच्या दोन ते चारच्या सुमारास जी गुंगी येते तिला चहा पुरत नाही. जांभया येऊ लागल्या, मागील दोन गावे कधी गेली ते आठवेना, की झाडाखाली वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. यात कमीपणा काही नाही.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचे सौख्यही स्वाराच्याच पदरी असते. या गाड्यांची मागची सीट उंच आणि टीचभर. तेथे बसलेल्या पत्नीचा अथवा भगिनीचा भार प्रत्येक ब्रेकसरशी पुढच्याच्या पाठीवर येतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागील चाकाशी साडी-गार्ड आणि हातात धरावयास कडी हवी. शोभेसाठी ती काढून टाकणाऱ्या तरुणांस घरच्या वडिलांनी खडसावून विचारावे. पदर, ओढणी आणि उपरणे कमरेशी खोचल्याखेरीज गाडी हलवू नये.

लांब पल्ल्यास निघण्यापूर्वी एक तालीम अवश्य करावी. त्यासाठी आपला जिल्हाच पुरेसा आहे. पहाटे बुलढाण्याहून निघून चिखलीस पहिला थांबा, मेहकरास दुसरा, लोणारास सरोवराच्या काठी तास-दीड तासाचा विसावा, तेथून सिंदखेड राजास जिजाऊंच्या जन्मस्थळाचे दर्शन, आणि देऊळगाव राजा, चिखली करीत माघारी. हा फेरा दोनशे किलोमीटरांच्या घरात जातो. प्रत्येक थांब्यावर काय दुखते ते वहीत टिपावे: बोटे, मनगट, मान, कंबर, बैठक. परतल्यावर ज्या ज्या ठिकाणी खूण असेल त्याचा उपाय करावा, आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच फेरा करावा. दुसऱ्या खेपेस वहीतील खुणा निम्म्यावर आल्या नाहीत, तर पुण्यापर्यंतचा प्रवास बसने करावा. गाडी अंगणात उभी राहिली म्हणून तिचे काही बिघडत नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. मुलगा निघाला की दर अर्ध्या तासाला फोन करून ‘कोठवर आलास?’ असे विचारणे थांबवावे. खिशातील फोन वाजला की त्याचे चित्त रस्त्यावरून उडते, आणि आपण पोहोचण्यास उशीर करतो आहोत अशी रुखरुख त्याला लागते. त्यापेक्षा निघण्यापूर्वीच सांगून टाकावे: ‘रात्र झाली तर जालन्यास मुक्काम कर, सकाळी ये. फराळ कोठे पळून जात नाही.’ एवढ्या एका वाक्याने त्याच्या हातांवरचा जो भार उतरेल, तो कोणत्याही गादीने उतरणार नाही.